‘नेक्स्ट’ कोणी दाबले : फुकट अँटिव्हायरस आणि खासगी माहितीचा व्यवहार

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील, पुणे–मिरज लोहमार्गावरचे रहिमतपूर भारतीय अँटिव्हायरस उद्योगाच्या इतिहासात नोंदले गेले आहे, कारण क्विक हील या कंपनीचे संस्थापक कैलास काटकर हे मूळचे तिथले. शाळेपुढचे शिक्षण सोडून त्यांनी 1985 च्या सुमारास पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली, पुढे स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले, आणि दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांपैकी बरेचसे व्हायरसमुळे बिघडलेले असतात हे ध्यानात आल्यावर संगणकशास्त्र शिकणारे धाकटे बंधू संजय यांच्याकडून त्यावर उतारा लिहून घेतला. 1995 मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने सुरू झालेली ही कंपनी 2007 मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झाली आणि फेब्रुवारी 2016 मध्ये शेअर बाजारात दाखल झाली. ही कथा मराठी नियतकालिकांतून जिद्दीची कथा म्हणून अनेकदा सांगितली जाते; परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिच्यातला व्यवहार अधिक महत्त्वाचा आहे. सीडी आणि अंकाक्षरांची ‘की’ असलेला डबा गावोगावच्या संगणक विक्रेत्यांमार्फत वर्षाच्या बोलीवर रोख पैसे घेऊन विकायचा, वर्ष संपले की नूतनीकरणाचे पैसे पुन्हा घ्यायचे, असा तो सरळ व्यवहार होता, आणि त्यात पैसे देणारा कोण व सेवा घेणारा कोण याविषयी संदिग्धता नव्हती.

याच काळात युरोपात दुसरा व्यवहार आकाराला येत होता. प्राग येथे पावेल बाउदिश आणि एदुआर्द कुचेरा यांनी 1988 मध्ये व्हिएन्ना या व्हायरसवर उतारा शोधताना ज्याचा पाया घातला, तो अवास्ट हा अँटिव्हायरस 2001 पासून घरगुती वापरासाठी फुकट मिळू लागला. चेक प्रजासत्ताकातच ब्रनो शहरात जन्मलेला एव्हीजी आणि जर्मनीचा अविरा हेही त्याच वाटेने गेले. फुकट वस्तूला वितरक, डबा आणि जाहिरात लागत नसल्यामुळे हे अँटिव्हायरस जगभर झपाट्याने पसरले, आणि 2020 च्या सुमारास एकट्या अवास्टचे मासिक वापरकर्ते सुमारे 43.5 कोटी असल्याचे सांगितले जात होते. व्हायरसचे नवे नमुने रोज तपासणारे अभियंते आणि रात्रंदिवस चालणारे सर्व्हर यांचा खर्च मात्र फुकट नसतो. तो भागवण्याचे तीन मार्ग या कंपन्यांनी वापरले. फुकट आवृत्ती वापरणाऱ्यांपैकी काहींना सशुल्क आवृत्तीकडे वळवणे हा पहिला मार्ग, जो उघड आणि रास्त आहे. दुसऱ्यांची सॉफ्टवेअर आपल्याबरोबर संगणकात उतरवून त्याबद्दल दलाली घेणे हा दुसरा, आणि वापरकर्त्याच्या संगणकातून मिळालेली माहिती विकणे हा तिसरा. सातारा–सांगलीसारख्या भागात, जिथे एकच संगणक अनेकांच्या कागदपत्रांसाठी राबतो, तिथे या शेवटच्या दोन मार्गांचा अर्थ युरोपातल्या एकट्या घरगुती वापरकर्त्यापेक्षा वेगळा होतो.

अँटिव्हायरसला इतके काय दिसते, हे आधी समजून घ्यावे लागते. संगणकाच्या कार्यप्रणालीचा सर्वांत आतला भाग, जो स्मृती, चकती आणि यंत्राच्या प्रत्येक अवयवावर थेट हुकमत ठेवतो, त्याला कर्नेल म्हणतात. हिशेबाचे किंवा टंकलेखनाचे सॉफ्टवेअर या कर्नेलच्या बाहेर राहून त्याच्याकडे परवानगी मागत काम करते, परंतु अँटिव्हायरसला आपला एक भाग कर्नेलमध्येच बसवावा लागतो, कारण व्हायरस स्वतः तिथे शिरू पाहतो आणि बाहेर उभे राहून त्याला अडवता येत नाही. त्यामुळे संगणकावर उघडणारी प्रत्येक फाइल आणि सुरू होणारे प्रत्येक सॉफ्टवेअर अँटिव्हायरसच्या नजरेखालून जाते. पूर्वी तो फाइलमधील काही ठरावीक खुणा, ज्यांना सिग्नेचर म्हणतात, आपल्याजवळच्या यादीशी ताडून पाहत असे आणि ही ताडणी संगणकातल्या संगणकात होत असे. आता रोज उपजणाऱ्या व्हायरसची संख्या इतकी वाढली आहे की ती यादी कंपनीच्या सर्व्हरवर ठेवावी लागते, आणि अँटिव्हायरस प्रत्येक अनोळखी फाइलचा हॅश, म्हणजे त्या फाइलवरून गणिती रीतीने काढलेला एक छोटा अंकाक्षरी ठसा, सर्व्हरकडे पाठवून तो चांगला की वाईट असे विचारतो. ठशावरून मूळ फाइल पुन्हा उभी करता येत नाही, म्हणून इथवरचा व्यवहार निर्धोक मानता येतो. परंतु ठसाही अनोळखी निघाला तर अनेक अँटिव्हायरस ती संपूर्ण फाइलच तपासणीसाठी कंपनीकडे पाठवतात.

याचे गाजलेले उदाहरण रशियाच्या कॅस्परस्की कंपनीचे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेसाठी काम करणाऱ्या एका व्यक्तीच्या घरच्या संगणकावरील गुप्त साहित्य कॅस्परस्कीच्या अँटिव्हायरसमार्फत मॉस्कोत पोहोचल्याचे 2017 मध्ये उघडकीस आले. कंपनीच्या स्पष्टीकरणानुसार हे 2014 मध्ये घडले. त्या व्यक्तीने मायक्रोसॉफ्ट ऑफिसची चोरटी प्रत चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद ठेवून बनावट ‘की’ तयार करणारे सॉफ्टवेअर चालवले, त्याबरोबर व्हायरस शिरला, आणि नंतर पुन्हा सुरू केलेल्या अँटिव्हायरसने संशयास्पद वाटलेली एक संकुचित फाइल नियमाप्रमाणे कंपनीकडे पाठवली, जिच्यात गुप्त संहिता होती. कंपनीच्या हेतूविषयी मतभेद आहेत. परंतु तो हेतू शुद्ध मानला तरी नेहमीच्या कामाचा भाग म्हणून एक खासगी फाइल परदेशी गेली, एवढे उरतेच. चोरटी ‘की’ चालवण्यासाठी अँटिव्हायरस घटकाभर बंद करण्याची ही रीत साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या वाचकाला समजावून सांगावी लागू नये.

वेबवरील वावराची तपासणी हा त्याहून नाजूक भाग आहे. बँकेचे किंवा शासकीय पोर्टलचे पान उघडले की ब्राउझर आणि ते संकेतस्थळ यांच्यामधला संवाद कूटबद्ध होतो, म्हणजे मधल्या कोणालाही वाचता येणार नाही अशा रूपात जातो; त्या संवादातून व्हायरस येऊ नये म्हणून काही अँटिव्हायरस संगणकात स्वतःचे प्रमाणपत्र बसवून, ब्राउझरला आपणच ते संकेतस्थळ असल्याचे भासवून, संवाद उलगडून तपासतात आणि पुन्हा कूटबद्ध करून पुढे सोडतात. काही कंपन्या त्याऐवजी ब्राउझरला जोडायचा एक छोटा पूरक भाग देतात, ज्याला एक्स्टेंशन म्हणतात. उघडलेल्या प्रत्येक पानाचा पत्ता तो सर्व्हरकडे पाठवतो आणि पान धोक्याचे आहे का ते विचारतो. यातील कोणत्याही मार्गाने, कोणत्या संगणकावरून कोणत्या क्षणी कोणते पान उघडले याची संपूर्ण रोजनिशी अँटिव्हायरसच्या हाती येते. ती जपून ठेवायची, पुसून टाकायची की विकायची, हा प्रश्न केवळ कंपनीच्या मर्जीवर सोडला गेला, आणि तिथेच घोटाळा झाला.

माहितीच्या विक्रीकडे वळण्यापूर्वी बरोबर येणाऱ्या सॉफ्टवेअरचा विचार करणे सोयीचे, कारण ते डोळ्यांना दिसते. फुकट अँटिव्हायरसची फाइल उतरवून उघडली की पहिल्या पटलावर भल्या मोठ्या रंगीत बटणावर ‘इन्स्टॉल’ असे लिहिलेले असते. त्याच्या वर किंवा खाली फिकट राखाडी बारीक अक्षरांत अमुक ब्राउझरही बसवावा आणि तोच नेहमीचा ब्राउझर करावा अशा अर्थाची ओळ असते, जिच्यासमोरच्या चौकोनात बरोबरची खूण आधीच केलेली असते. आणि कोपऱ्यात, बटणासारखा न दिसणारा, ‘कस्टमाइझ’ हा शब्द असतो, ज्यावर टिचकी मारल्यासच काय काय बसणार आहे याची यादी उघडते. मोठे बटण दाबणाऱ्याने त्या खुणेला संमती दिली असे धरले जाते. अशा प्रत्येक बसवणीमागे त्या ब्राउझरची किंवा टूलबारची कंपनी अँटिव्हायरस कंपनीला ठरलेली रक्कम देते. फ्लॅश प्लेअरबरोबर मॅकॅफीचे तपासणी सॉफ्टवेअर आणि जावाबरोबर आस्क हा शोध-टूलबार येत असे, हे जुन्या वापरकर्त्यांना आठवत असेल. म्हणजे अँटिव्हायरस कधी यजमान असतो, तर कधी बिनबोलावता आलेला पाहुणा.

जर्मनीच्या अविराने 2011 मध्ये या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले : धोक्याची संकेतस्थळे अडवणारी सोय फुकट वापरकर्त्याला हवी असेल, तर त्याने आस्कचा टूलबार बसवून घेतला पाहिजे अशी अटच घातली. अशा टूलबारना इतर सुरक्षा सॉफ्टवेअर ‘नको असलेले सॉफ्टवेअर’ या वर्गात टाकत असताना एका सुरक्षा कंपनीने तो संरक्षणाचा मोबदला म्हणून गळ्यात बांधावा, यातील विसंगती त्या कंपनीलाही जाणवली असणार.

ही सोबतची सॉफ्टवेअर केवळ अडगळ असती तरी चालले असते, परंतु त्यांनी प्रत्यक्ष धोका निर्माण केल्याची नोंद आहे. डिसेंबर 2015 मध्ये गूगलचे सुरक्षा संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनी दाखवून दिले, की एव्हीजीबरोबर क्रोम ब्राउझरमध्ये बसवले जाणारे वेब ट्यूनअप हे एक्स्टेंशन, जे सुमारे 90 लाख वापरकर्त्यांकडे होते, इतके ढिसाळ लिहिले आहे की कोणतेही संकेतस्थळ त्याच्याद्वारे वापरकर्त्याचा ब्राउझिंगचा इतिहास वाचू शकते. त्यानंतर दोनच महिन्यांत त्यांनी कोमोडो कंपनीच्या सुरक्षा संचाबरोबर आपोआप बसणाऱ्या क्रोमोडो या ब्राउझरकडे लक्ष वेधले. एका संकेतस्थळाने दुसऱ्या संकेतस्थळाची माहिती वाचू नये हा ब्राउझरच्या सुरक्षेचा मूलभूत नियमच त्यात बंद केलेला होता, म्हणजे एका खिडकीत बँक उघडी असताना दुसऱ्या खिडकीतल्या पानाला तिच्यात डोकावता आले असते. मूळ ब्राउझर धडधाकट असताना सुरक्षेच्या नावाखाली त्याच्या जागी कच्चा ब्राउझर बसवणे हा हलगर्जीपणा होता, आणि तो झाकण्यासारखा दुसरा शब्द नाही.

तिसऱ्या मार्गाचे, म्हणजे माहितीच्या विक्रीचे, सर्वांत सविस्तर उघड झालेले प्रकरण अवास्टचे आहे. 2013 च्या सुमारास अवास्टने जंपशॉट ही कंपनी विकत घेतली आणि तिचे रूपांतर वेबवरील वर्तनाची माहिती विकणाऱ्या उपकंपनीत केले. अवास्टच्या एक्स्टेंशनने आणि अँटिव्हायरसने टिपलेला वापरकर्त्यांचा वावर या उपकंपनीकडे जाई आणि ती तो जाहिरात व बाजार-संशोधन कंपन्यांना विकी. 2016 मध्ये अवास्टने 130 कोटी डॉलरना एव्हीजीही घेतली, तेव्हा दोन्ही अँटिव्हायरस एकाच छत्राखाली आले. एव्हीजीने तर 2015 च्या आपल्या गोपनीयता धोरणातच, फुकट सॉफ्टवेअरमधून पैसे मिळवण्यासाठी ब्राउझिंगचा आणि शोधाचा इतिहास विकला जाऊ शकतो, असे स्पष्ट लिहिले होते, आणि त्या स्पष्टपणाबद्दलच तिच्यावर टीका झाली होती. ऑक्टोबर 2019 मध्ये व्लादिमिर पालांत या संशोधकाने अवास्टची एक्स्टेंशन किती माहिती पाठवतात हे मांडले. डिसेंबरमध्ये मोझिलाने ती फायरफॉक्सच्या भांडारातून काढून टाकली. आणि 27 जानेवारी 2020 रोजी मदरबोर्ड व पीसीमॅग यांनी जंपशॉटच्या कागदपत्रांवर आधारलेला संयुक्त शोध प्रसिद्ध केल्यावर तीन दिवसांत अवास्टने जंपशॉट बंद करत असल्याचे जाहीर केले.

विकल्या जाणाऱ्या नोंदीचे स्वरूप पाहिल्याशिवाय या प्रकरणाचे गांभीर्य ध्यानात येत नाही. पीसीमॅगने समजावण्यासाठी दिलेल्या नमुन्यात एका यंत्राचा सांकेतिक क्रमांक, 2019 च्या डिसेंबरची पहिली तारीख, 12 वाजून 3 मिनिटे 5 सेकंद ही वेळ, ॲमेझॉनचे संकेतस्थळ, एका विशिष्ट आयपॅडचे नाव, आणि ‘खरेदीच्या टोपलीत टाकला’ ही कृती, एवढ्याच गोष्टी आहेत. नाव नाही, फोन नाही, पत्ता नाही. अवास्टचा बचावही हाच होता, की माहिती निनावी करून विकली जाते. परंतु त्या सेकंदाला तो आयपॅड टोपलीत कोणी टाकला हे ॲमेझॉनच्या स्वतःच्या दप्तरी असतेच, त्यामुळे ही नोंद आणि ते दप्तर एकमेकांशेजारी ठेवणाऱ्याला त्या सांकेतिक क्रमांकामागचा माणूस तात्काळ कळतो, आणि एकदा माणूस कळला की त्याच क्रमांकाखालील बाकीच्या सगळ्या नोंदी, आजाराविषयी वाचलेली पाने, कर्जाची चौकशी, नोकरीचा शोध, त्याच्या नावावर चढतात. तपशिलाचा बारकावा हाच या मालाचा भाव होता. जाहिरात क्षेत्रातील ऑम्निकॉम या कंपनीशी झालेल्या करारात तर ही माहिती इतर माहिती-दलालांकडील माहितीशी एकेका वापरकर्त्याच्या पातळीवर जोडण्याची मुभा होती, असे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नमूद केले आहे. या आयोगाने 22 फेब्रुवारी 2024 रोजी अवास्टला 1.65 कोटी डॉलर भरण्यास आणि ब्राउझिंगची माहिती जाहिरातीसाठी विकणे थांबवण्यास सांगितले. माहिती शंभराहून अधिक कंपन्यांना दिली गेली आणि 2014 पासूनचा तिचा साठा आठ पेटाबाइटांपेक्षा, म्हणजे सुमारे 80 लाख गिगाबाइटांपेक्षा, मोठा होता, असे त्याच्या आरोपपत्रात म्हटले आहे. एप्रिल 2024 मध्ये चेक प्रजासत्ताकाच्या माहिती संरक्षण कार्यालयानेही सुमारे 35 कोटी कोरुनांचा दंड केला. आयोगाचा मुख्य आक्षेप विक्रीपेक्षाही फसवणुकीवर होता : जे सॉफ्टवेअर मागावर राहणाऱ्या कुकीज रोखते असे सांगून दिले गेले, तेच मागावर होते.

निनावी माहितीतून माणूस हुडकणे लहान गावात अधिक सोपे असते, आणि या प्रश्नाचा स्थानिक भाग इथूनच सुरू होतो. पुण्या-मुंबईत एखादे विशिष्ट शासकीय पोर्टल दिवसातून वीस वेळा उघडणारे हजारो संगणक असतील. परंतु जो संगणक रोज सकाळी दहाला आपले सरकार पोर्टल उघडतो, मग महाभूलेखवर सातबारा पाहतो, दुपारी वाळवा किंवा खटाव तालुक्यातल्या एखाद्या लहान पतसंस्थेचे संकेतस्थळ उघडतो आणि पीकविम्याची मुदत जवळ आली की पीकविम्याच्या पोर्टलवर तासन् तास असतो, असा संगणक त्या बाजारपेठेत एखाददुसराच असतो, आणि तो कोणत्या सेवा केंद्राचा हे तालुक्यातला कोणीही सांगेल. लोकसंख्या विरळ असेल तिथे निनावीपणाचा पडदाही विरळ होतो.

त्या संगणकावर माहिती कोणाची असते, हा पुढचा मुद्दा. सेवा केंद्रात उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, रहिवासी दाखला यांसाठी येणारे लोक आधार कार्ड, पासबुकाचे पहिले पान, शाळा सोडल्याचा दाखला देतात. ते स्कॅन होऊन डेस्कटॉपवरच्या एखाद्या फोल्डरमध्ये पडतात आणि काम झाल्यावर क्वचितच पुसले जातात. सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डातील आडतीच्या पेढीवर हळदीच्या किंवा बेदाण्याच्या सौद्यांचे हिशेब, शेतकऱ्यांची खाती, जीएसटीचे विवरण आणि ई-वे बिल हे सारे एकाच यंत्रावर चालते, आणि त्याच यंत्रावर पेढीच्या मालकाचे नेटबँकिंगही असते. म्हणजे ज्यांची माहिती धोक्यात येऊ शकते ते लोक शेकड्यांनी मोजावे लागतात, आणि त्यांपैकी एकाही माणसाने अँटिव्हायरसच्या अटी पाहिलेल्या नसतात.

मग त्या अटींना होकार कोणी दिला? साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास किंवा सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला संगणक दुरुस्तीची जी दुकाने आहेत, त्यांपैकी कोणत्याही दुकानात मंद झालेला संगणक दिला, की फॉरमॅट मारून, विंडोज टाकून, मराठी फाँट, पीडीएफ वाचक, टॅली आणि एखादा फुकट अँटिव्हायरस असा नेहमीचा संच घालून तो परत मिळण्याचीच शक्यता अधिक. हा संच भरणारा तरुण दिवसाला कित्येक यंत्रे हातावेगळी करतो. ‘नेक्स्ट’, ‘आय अग्री’, ‘नेक्स्ट’, ‘फिनिश’ ही बटणे तो न वाचता दाबतो, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण वाचत बसायचे त्याला पैसे मिळत नाहीत आणि वाचायचे म्हटले तरी तो मजकूर इंग्रजीत, कायद्याच्या भाषेत, कित्येक पानांचा असतो. परिणाम असा, की अवास्ट किंवा एव्हीजीच्या दप्तरी जी संमती नोंदवली गेली, ती संगणकाच्या मालकाने दिलेली नव्हती, माहितीच्या मालकांनी तर नव्हतीच; ती एका त्रयस्थ कारागिराने, यंत्र लवकर परत द्यायचे म्हणून दिलेली होती. फुकट अँटिव्हायरसवरील चर्चेत वापरकर्त्याने अटी वाचाव्यात असा उपदेश नेहमी केला जातो. ज्या व्यवस्थेत वाचणारा, दाबणारा आणि ज्याची माहिती जाते तो, हे तिघेही वेगवेगळे आहेत, तिथे तो उपदेश कोणाला उद्देशून आहे हेच कळत नाही.

पैसे मोजून घेतलेला अँटिव्हायरस या सर्वांपासून मुक्त असतो, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. नॉर्टनने 2021 मध्ये आपल्या सशुल्क सुरक्षा संचातच ग्राहकाच्या संगणकावर इथेरियम हे आभासी चलन तयार करण्याची सोय घातली आणि त्या कमाईतून 15 टक्के वाटा स्वतःकडे ठेवला. ती सोय ग्राहकाने सुरू केल्याशिवाय चालत नसली, तरी तिची फाइल मागितल्याशिवाय बसवली गेल्याने ग्राहक चिडले. जर्मनीच्या सी-टी या पाक्षिकाने ऑगस्ट 2019 मध्ये दाखवले, की कॅस्परस्कीचा अँटिव्हायरस, सशुल्क आवृत्त्यांसह, उघडलेल्या प्रत्येक पानात प्रत्येक संगणकासाठी वेगळा असलेला एक क्रमांक मिसळत होता, ज्यावरून कोणत्याही संकेतस्थळाला तो संगणक पुन्हा ओळखता आला असता. डब्यातून विकल्या जाणाऱ्या अँटिव्हायरसची नोंदणी करतानाही नाव, फोन आणि गाव विचारले जातेच. आणि खासगीपणा सांभाळला म्हणजे सुरक्षितता आपोआप सांभाळली जाते असेही नाही : मुंबईच्या मायक्रोवर्ल्ड कंपनीचा ई-स्कॅन हा अँटिव्हायरस आपल्या सुधारणा कूटबद्ध न केलेल्या मार्गाने पाठवत असल्यामुळे हल्लेखोरांनी वाटेतच त्या बदलून त्यांच्या जागी व्हायरस घुसवला होता. हे एप्रिल 2024 मध्ये सविस्तर जाहीर करणारी कंपनी अवास्टच होती, हा योगायोग मोठा मजेदार. पैसे देणे आणि विश्वासार्ह असणे यांच्यात संबंध आहे, पण तो हमीचा नाही. पैसे देणाऱ्या ग्राहकाला जाब विचारायला एक पावती आणि एक विक्रेता असतो, एवढाच फरक.

त्याचप्रमाणे फुकट म्हणजे संशयास्पद असेही नाही, फक्त खर्च कोण उचलतो ते कळले पाहिजे. केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेने फेब्रुवारी 2017 मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर संगणकातील बॉट, म्हणजे दुसऱ्याच्या हुकमाने चालणारे लपलेले सॉफ्टवेअर, काढून टाकण्याची साधने विनामूल्य मिळतात, आणि त्यांतील एक साधन क्विक हीलने दिलेले आहे. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, कार्यप्रणालीतच येणारा डिफेंडर हाही वेगळे पैसे घेत नाही, कारण त्याची किंमत विंडोजच्या किमतीत धरलेली असते; तोही अनोळखी फाइलचे नमुने मायक्रोसॉफ्टकडे पाठवतो, मात्र खासगी मजकूर असण्याचा संभव असलेली फाइल पाठवण्यापूर्वी विचारण्याची त्याची मूळ मांडणी आहे आणि ‘ऑटोमॅटिक सॅम्पल सबमिशन’ हे बटण बंद करून तेही थांबवता येते. साध्या कार्यालयीन कामासाठी तो पुरेसा आहे. त्याच्यावर दुसरा फुकट अँटिव्हायरस चढवण्याची सवय जुन्या विंडोजच्या काळातली आहे आणि ती आता सोडायला हरकत नाही.

कायद्याने या व्यवहाराकडे भारतात उशिरा पाहिले. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी न्या. पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवल्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट 2023 मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. भारतातील लोकांना सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही तो लागू आहे. या अधिनियमानुसार संमती मुक्त, विशिष्ट, जाणतेपणाने दिलेली आणि विनाअट असावी लागते, ती सांगितलेल्या कामासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मर्यादित राहते, आणि जितक्या सहजतेने दिली तितक्याच सहजतेने परत घेता आली पाहिजे. दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधील संपर्कयादी मागितली तर त्या यादीपुरती संमती ग्राह्य धरली जाणार नाही, असे उदाहरणच अधिनियमात दिले आहे. व्हायरस शोधण्यासाठी घेतलेली माहिती जाहिरातदाराला देणे या कसोटीवर टिकणे कठीण. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल, आणि सुरक्षेत कसूर झाल्यास दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नियमांतील मुख्य तरतुदी अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये, अमलात यायच्या आहेत. यात एक गोष्ट स्थानिक व्यावसायिकांच्या नजरेतून सुटू नये : शेकडो लोकांची आधार कार्डे संगणकात ठेवणारे सेवा केंद्र किंवा पेढी ही या कायद्याच्या दृष्टीने केवळ बळी नसते, इतरांची माहिती बाळगणारी म्हणून तिच्याकडेही बोट दाखवले जाऊ शकते, आणि अँटिव्हायरस दुकानदाराने टाकला होता हे उत्तर तेव्हा पुरेसे पडण्याची शाश्वती नाही.

म्हणून संगणक फॉरमॅटला देणाऱ्या केंद्रचालकांनी, आडत्यांनी आणि पतसंस्थांनी आधी इतरांच्या कागदपत्रांचे स्कॅन वेगळ्या चकतीवर काढून कामापुरतेच ठेवावेत, अँटिव्हायरस कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवायला सांगावा, बसवताना ‘कस्टमाइझ’ उघडून ब्राउझर व टूलबारच्या खुणा काढायला लावाव्यात, आणि कोणते सॉफ्टवेअर टाकले, कोठून घेतले, माहिती पाठवण्याची कोणती बटणे बंद केली, एवढे दुरुस्ती करणाऱ्याकडून बिलाच्या मागे लिहून घ्यावे.